ब्राबो (स्पॅनिश विशेषण)

ब्राबो : स्पॅनिशमधील अनेकार्थी विशेषण (रानटी, खवळलेला, रागावलेला, झणझणीत, शूर). स्त्रीलिंगी रूप ब्राबा; अनेकवचने ब्राबोस, ब्राबास. स्पॅनिशमध्ये ‘ब’ व ‘व्ह’ असा उच्चारभेद नसल्याने येथे ‘ब्राबो’ हे रूप स्वीकारले आहे. मराठी वाचकाच्या परिचयाची ‘ब्राव्हो!’ ही दाद इटालियन संगीतिकेमुळे रूढ झाली.

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जुन्या मतानुसार मूळ शब्द लॅटिन प्रावुस (वाकडा, दुष्ट) हा होय. मात्र शब्दारंभीचा ‘प्र’ स्पॅनिशमध्ये सहसा टिकतो : लॅटिन प्रातुम (कुरण) याचे प्रादो झाले, ब्रादो नव्हे. जुआन कोरोमिनास (१९०५–९७) यांनी आपल्या व्युत्पत्तिकोशात (१९५४–५७) बार्बारुस (परका, रानटी) या शब्दाकडे कौल दिला. त्यातील एक अक्षर गळून ब्राबुस असे मधले रूप झाले असावे. अर्थाच्या दृष्टीनेही हेच मत अधिक ग्राह्य वाटते. बार्बारुस मूळचा ग्रीक; संस्कृत ‘बर्बर’शी त्याचे साम्य उघड आहे, पण ते समान वारशामुळे की अगम्य बोलीच्या अनुकरणातून, याविषयी मतभेद आहेत.

अर्थ ठरतो तो मान्सो (माणसाळलेला, शांत) या विरुद्धार्थी शब्दामुळे. तोरो ब्राबो म्हणजे झुंजीसाठी जोपासलेल्या वाणाचा बैल. त्याला वळवून नेणारे, गळ्यात घंटा बांधलेले बैल ते मान्सोस. ‘मारका’ हा मराठी शब्द जवळचा, पण मारकेपणा एखाद्या जनावराची खोड असते. येथे तो वाणाचाच गुण. वसाहतकाळात स्पॅनिश सत्तेला न जुमानणाऱ्या अमेरिकेतील मूळ रहिवाशांनाही ‘ब्राबोस’ म्हटले गेले. हा वापर सत्ताधाऱ्यांच्या नजरेतून आला आहे, हे विसरता कामा नये.

समुद्राविषयी ‘खवळलेला’, किनाऱ्याविषयी ‘खडकाळ, रौद्र’. ईशान्य स्पेनमधील कातालोनिया प्रांतातील कोस्ता ब्राबा (रौद्र किनारा) हे नाव पत्रकार फेरान अगुल्यो यांनी १९०८ मध्ये रूढ केले. कोलंबिया, व्हेनेझुएला, क्यूबा येथे एस्तार (त्या वेळेपुरते असणे) या क्रियापदासह ‘रागावलेला’ असा अर्थ होतो. आई ‘एस्ता ब्राबा’ असली, की ती शूर नसून चिडलेली असते. मराठीत समुद्रही खवळतो आणि माणूसही. म्हणून दोन्हीकडे ‘खवळणे’ चपखल बसते.

पातातास ब्राबास : तळलेल्या बटाट्याच्या फोडींवर तिखट सॉस, येथे अर्थ ‘झणझणीत’. ‘शूर’ हा अर्थही आहे, पण इंग्रजी ‘ब्रेव्ह’च्या ओढीने शिकणारे तोच आधी धरतात; ‘शूर’ म्हणायला मात्र स्पेनमध्ये बाल्येन्ते हा शब्द अधिक चालतो.