कार्डाची कड हीच त्याची मोजपट्टी

लांबी ८५.६० मिमी, रुंदी ५३.९८ मिमी, जाडी ०.७६ मिमी. बँकेचं डेबिट कार्ड असो, वाहन परवाना असो की कार्यालयाचं ओळखपत्र, जगात बहुतेक ठिकाणी हीच मापं आढळतात. आयएसओ/आयईसी ७८१० या आंतरराष्ट्रीय मानकात या आकाराला ‘आयडी-१’ म्हणतात. कोपरे सुमारे ३.१८ मिमी त्रिज्येने गोलावलेले असतात. आकडे असे विचित्र दिसतात, कारण त्यांचा उगम इंचात आहे: ०.७६ मिमी म्हणजे ०.०३० इंच आणि ५३.९८ मिमी म्हणजे दोन पूर्णांक एक अष्टमांश इंच.

हा आकार ‘सुवर्ण गुणोत्तरा’वरून घेतला, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. गणित करून पाहिलं तर ते टिकत नाही. कार्डाचं गुणोत्तर १.५८६ येतं, सुवर्ण गुणोत्तर १.६१८ आहे. तेवढं हवं असतं तर कार्ड सुमारे ८७.३ मिमी लांब करावं लागलं असतं. नव्या कार्डाची लांबी मात्र ८५.४७ ते ८५.७२ मिमी यांच्या दरम्यानच असावी लागते.

म्हणजे पाव मिलिमीटरचीच मोकळीक. रुंदीत तर ती त्याहून कमी, ५३.९२ ते ५४.०३ मिमी. प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी इतका काटेकोरपणा लागतो, कारण यंत्राला कार्ड दिसत नाही. त्याला फक्त कड लागते. चिप कुठे आहे, चुंबकीय पट्टी कुठे आहे, हे सगळं यंत्र कडेपासूनच्या अंतरावरून धरून चालतं.

चिपचं उदाहरण घ्या. वर दिसणारी सोनेरी चकती म्हणजे चिप नव्हे. ते तिचे विद्युत संपर्क आहेत. चिप त्यांच्या मागे, कार्डात कोरलेल्या खोबणीत बसवलेली असते. वीजपुरवठ्याचा पहिला संपर्क डाव्या कडेपासून १०.२५ ते १२.२५ मिमी आणि वरच्या कडेपासून १९.२३ ते २०.९३ मिमी एवढी जागा व्यापेल, याची हमी आयएसओ/आयईसी ७८१६ हे मानक देतं. म्हणजे जेमतेम २ बाय १.७ मिमीचा चौकोन. त्याखालचा संपर्क २.५४ मिमीवर. यंत्रातल्या स्प्रिंगच्या पिना नेमक्या या चौकोनांत टेकायला हव्यात. कार्डाच्या कडेला मिलिमीटरभर जाड चिकटपट्टी लावली की सगळे संपर्क तेवढे सरकतात, आणि पीन दोन संपर्कांच्या मधल्या फटीत जाऊ शकते.

चुंबकीय पट्टीचंही असंच. कार्ड खाचेतून ओढताना लांब कड तळाला घासत जाते आणि वाचणारं डोकं त्या कडेपासून ठरलेल्या उंचीवर असतं. माहितीचा प्रत्येक मार्ग सुमारे २.८ मिमी रुंद असतो. कड फुटली किंवा तिथे चिकटलेला कागद राहिला की कार्ड वर उचललं जातं आणि डोकं मार्गाबाहेर वाचू लागतं. पट्टी पुसायच्या आधी कड पुसून पाहावी.

जाडी ०.६८ ते ०.८४ मिमी चालते. छपाई यंत्रात कार्डं एकावर एक ठेवतात आणि एका वेळी एकच आत जाईल एवढी फट ठेवलेली असते. ०.५ मिमीची पातळ कार्डं घातली आणि फट तशीच राहिली, तर दोन-दोन कार्डं ओढली जाऊन अडकतात. जाडी साध्या पट्टीने मोजता येत नाही. व्हर्नियर कॅलिपर किंवा मायक्रोमीटरच हवा.

स्वतः ओळखपत्र बनवणार असाल, तर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने चित्र १०११ बाय ६३८ पिक्सेलचं ठेवा. पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी दीड-दोन मिमी बाहेर वाढवा आणि मजकूर कडेपासून किमान ३ मिमी आत घ्या, म्हणजे कापताना थोडं सरकलं तरी पांढरी रेघ येत नाही आणि अक्षर तुटत नाही. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून मोजमाप १०० टक्के ठेवा. इथेच सर्वाधिक गोंधळ होतो: ९६ टक्क्यांवर छापलेलं कार्ड ८२ मिमीचं होतं आणि धारकात सैल बसतं.

कागदी कार्ड लॅमिनेट करायचं असेल तर हिशेब बदलतो. प्लॅस्टिकचे दोन थर एकमेकांना धरून राहण्यासाठी कागदाभोवती २ ते ३ मिमीची मोकळी किनार लागते. म्हणून कागद ८० बाय ४८ मिमी कापावा, म्हणजे किनारीसह माप ८५.६ बाय ५४ येतं. किनार छाटून टाकली तर हवा आणि ओल शिरून थर सुटतात. प्रत्येक बाजूला २५० मायक्रॉनचा (०.२५ मिमी) थर आणि मध्ये ०.१ मिमीचा कागद धरला तरी जाडी ०.६ मिमीच होते. असं कार्ड दाखवायला ठीक, यंत्रात घालायला नाही.

दोरीसाठी भोक पाडताना मात्र जपावं. स्पर्शाविना चालणाऱ्या कार्डात बहुधा तांब्याच्या तारेचा अँटेना असतो आणि तो सहसा १३.५६ मेगाहर्ट्झवर कार्ड वाचणाऱ्या यंत्राकडून ऊर्जा घेतो. पूर्ण आकाराच्या अँटेनासाठी मानकाने ८१ बाय ४९ आणि ६४ बाय ३४ मिमीच्या दोन आयतांमधला पट्टा राखला आहे. म्हणजे आखूड कडेपासून सुमारे २.३ ते १०.८ मिमी, नेमकं जिथे भोक पाडावंसं वाटतं तिथे. तार एका जागी जरी तुटली तरी कार्ड मुकं होतं. वरून काहीच कळत नाही. अशा कार्डाला भोक न पाडता खिशासारखा धारक वापरावा. कार्डात तार आहे का हे पाहायला अंधारात मागून प्रखर विजेरी धरावी. फिक्या रंगाच्या कार्डात वेटोळी बहुधा दिसतात.

वाकण्याचीही मर्यादा ठरलेली आहे. चाचणीत कार्ड एका बाजूने पकडून दुसरीकडे ठरावीक भार देतात. ते किमान १३ आणि कमाल ३५ मिमी झुकायला हवं, आणि भार काढल्यावर मूळ पातळीच्या १.५ मिमीच्या आत परतायला हवं. अगदी ताठ कार्डही नापास होतं, कारण वाकण्याऐवजी ते तडकतं. वापरासाठी तापमानाची मर्यादा उणे ३५ ते ५० अंश सेल्सिअस आहे. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या काचेजवळ ५० अंश सहज ओलांडले जातात, कार्डाचं पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ पडतं आणि कार्ड थंड होताना वाकडंच घट्ट होतं. ते पुन्हा तापवून सरळ करू नये; चिपचा गोंद आणि थर दोन्ही सुटू शकतात. नवं कार्ड मागवावं.