पक्का रंग आणि पांढरा झगा

1719 साली लंडनच्या रस्त्यांवर विणकरांच्या टोळ्या बायकांच्या अंगावरचे झगे फाडत हिंडत होत्या. राग खरा कापडावर होता: भारतातून येणाऱ्या फुलाफुलांच्या सुती चिटावर. लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर त्याने पाय आणला होता. 1721 मध्ये ब्रिटिश संसदेने असं छापील सुती कापड अंगावर घालायलाच बंदी केली.

चिटात एवढं काय होतं? एक तर ते बिनधास्त धुता येई. लोकर गरम पाण्यात चोळली की आटते, रेशीम भिजलं की कमजोर होतं. कापसाचा तंतू जवळजवळ निव्वळ सेल्युलोजचा. तो ओला झाला की उलट जास्त ताण सोसतो. शिवाय चिटाचा रंग पक्का. खरं तर झाडांच्या मुळांपासून, पानांपासून काढलेले बरेचसे रंग सेल्युलोजवर टिकत नाहीत. पण कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगाऱ्यांकडे तोडगा होता. नक्षीत जिथे लाल हवा तिथे आधी तुरटी लावायची. तिच्यातलं ॲल्युमिनियम एकीकडे तंतूला धरतं, दुसरीकडे रंगाला. लोहक्षार लावलेल्या रेषा त्याच लाल रंगाच्या भांड्यातून काळ्या होऊन निघतात, आणि कोऱ्या जागेवरचा रंग धुऊन जातो. पुढे आलेल्या साऱ्या यंत्रांपेक्षा मला ही युक्ती सरस वाटते.

इंग्लंडची अडचण वेगळीच होती. तिथलं सुती सूत ताण्याला, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांना, लावलं की तुटे, म्हणून ताणा तागाचा आणि बाणा (आडवा धागा) सुती. आर्कराइटच्या 1769 च्या सूत कातणाऱ्या यंत्राने ताण्याला पुरेसं मजबूत सूत दिलं, आणि 1774 मध्ये देशातच बनलेल्या सुती कापडावरची बंदी उठली. क्रॉम्प्टनच्या 1779 च्या यंत्रावर तर मलमलीजोगं तलम सूत निघू लागलं.

1783 मध्ये फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं साध्या पांढऱ्या मलमलीच्या झग्यातलं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. राणी आतल्या कपड्यांत बसली आहे, असा गहजब झाला आणि चित्र उतरवावं लागलं. झगा मात्र रूढ झाला. थोड्याच वर्षांत झग्याखालचे फुगीर सांगाडे गेले, कंबर छातीखाली सरकली आणि सैल पांढऱ्या मलमलीचं राज्य आलं. या पांढरेपणालाही रसायनशास्त्राने हात दिला. पूर्वी कापड आठवडेच्या आठवडे गवतावर उन्हात पसरून पांढरं करावं लागे. 1785 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले याने क्लोरिनची रंग उडवण्याची शक्ती दाखवली आणि 1799 मध्ये टेनंटने ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. दरम्यान कोरलेल्या रुळांवर छपाई सुरू झाली होती. चीट इतकं स्वस्त झालं की मोलकरणीच्या अंगावरही नव्या नक्षीचा झगा दिसू लागला.

एवढा कापूस आला कुठून? अमेरिकेच्या दक्षिण भागातून. 1793 मध्ये व्हिटनीने सरकी वेगळी करणारं यंत्र बनवलं. हाताने सरकी काढण्याचं किचकट काम त्याने झटपट होऊ लागलं. वेचणी मात्र हातानेच राहिली, आणि ती गुलामांकडून करवली जाई. अमेरिकेत 1790 मध्ये गुलामांची संख्या सुमारे 7 लाख होती. 1860 च्या जनगणनेत ती 39 लाखांवर गेली.