"ह्यो इतको बोंबलता कित्याक?"

मे महिन्यात मुंबईहून आलेला भाचा मालवणच्या आमच्या पडवीत इंग्लिश गायक-गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं 'लैला' मोठ्याने लावून बसला होता. खळ्यात सोलं वाळत घालणाऱ्या आईने तिथूनच विचारलं, "ह्यो इतको बोंबलता कित्याक?"

प्रश्न चांगलाच शास्त्रीय आहे. गाण्यामागची भानगड सोपी. क्लॅप्टनचा जीव पॅटी बॉइडवर जडला होता आणि ती होती त्याच्या दोस्ताची, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनची बायको. फारसी कवी निजामीच्या बाराव्या शतकातल्या काव्यातल्या लैलेचं नाव देऊन त्याने १९७० मध्ये गाणं केलं. ती तेव्हा काही त्याची झाली नाही.

पण 'नाही' ऐकूनही माणूस गप्प का बसत नाही? हेलन फिशर, ल्यूसी ब्राउन, आर्थर एरन या संशोधकांनी २००५ मध्ये नव्याने प्रेमात पडलेल्या १७ जणांचे मेंदू एफएमआरआयमध्ये, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या यंत्रात, पाहिले. प्रिय व्यक्तीचा फोटो दिसला की मेंदूच्या मध्यावरचा, डोपामिन नावाचं रसायन बनवणारा एक छोटासा भाग जागा व्हायचा. पुढे २०१० मध्ये हाच खेळ नुकत्याच झिडकारल्या गेलेल्या १५ जणांवर केला. तोच भाग पुन्हा जागा! शिवाय कोकेनच्या तलफेशी जोडलेले भागही. डोपामिनला सुखाचं रसायन म्हणतात ते मला पटत नाही. त्याचं खरं काम हवंहवंसं वाटायला लावणं. मिळालं नाही म्हणून ते थांबत नाही.

ऐकणाऱ्याचंही तसंच. २०११ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांना दिसलं की, आवडत्या गाण्यात अंगावर काटा येण्याच्या क्षणी डोपामिन सुटतंच, पण त्याआधी, नुसती वाट पाहतानाही ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात सुटतं. अर्थात एका बंदरातून सुटलेल्या सगळ्या होड्या एकाच गावी जात नाहीत. दोन्हीकडे डोपामिन आलं म्हणजे विरह आणि गाणं एकच, असं समजू नये.

पुढे पॅटी त्याच्याकडे आली. १९७६ मध्ये, ती पार्टीसाठी तयार होईपर्यंत ताटकळताना त्याने 'वंडरफुल टुनाइट' लिहिलं. १९७९ मध्ये लग्न, १९८९ मध्ये घटस्फोट.

भाच्याने आईला तेही शांत गाणं ऐकवलं. सोलं पालथी करता करता तिने ते पुरं ऐकलं.

"बरा आसा," ती म्हणाली. "पण तां पयलां लाव बगू."