बिनबुडाचा तंबू

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात शरद ऋतूमध्ये एल्कच्या शिकारीला पायी जाणाऱ्या माणसाचे खरे कष्ट शिकार साधल्यानंतर सुरू होतात. एल्क हा सांबराच्याच कुळातला, पण सांबरापेक्षाही थोराड प्राणी असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 300 किलोंच्या घरात जाते, आणि हाडे वेगळी केल्यावरही ऐंशी-शंभर किलो मांस उरते. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा तिथे गुन्हा असल्यामुळे ते सगळे तीन-चार खेपांत पाठीवरून खाली आणावे लागते. (भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तिथे मात्र परवाने आणि ठरावीक हंगाम यांच्या चौकटीत ती चालते.) पाठीवरच्या सामानातला प्रत्येक शंभर ग्रॅमचा हिशेब करणारी ही मंडळी तंबूतून सर्वांत आधी काय काढून टाकतात, तर त्याची जमीन.

मराठीत ‘बिनबुडाचा’ हा शब्द आपण आरोपांसाठी राखून ठेवला असला, तरी या तंबूला तो अक्षरशः लागू पडतो. मधोमध एक खांब, त्यावरून खाली उतरणारे एकेरी कापड, कडेने मेखा आणि तणावे, आणि आत उघडी माती, एवढाच त्याचा संसार असतो. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतले लकोटा आणि इतर मूळनिवासी लोक शतकानुशतके ज्या शंक्वाकृती ‘टिपी’त राहिले, तिचाच हा कृत्रिम धाग्यातला वंशज म्हणता येईल. चार मीटर व्यासाचा असा तंबू, खांब, मेखा आणि घडीची छोटी शेगडी हे सगळे मिळून तीन-साडेतीन किलोंत बसते. शेगडी मावेल असा पारंपरिक कॅनव्हासचा तंबू मात्र घोड्याच्या किंवा खेचराच्या पाठीवरच लादावा लागतो.

तंबू निवडताना नवखा माणूस पहिला प्रश्न पावसाचा विचारतो. माझ्या मते तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे, कारण सिलिकॉनचा लेप दिलेले बरे कापड पाऊस सहज अडवते. रात्री अंथरूण भिजते ते बहुधा आतल्या पाण्याने, आणि हे पाणी आपण स्वतःच तयार करत असतो. श्वासावाटे आणि घाम न फुटताही त्वचेवाटे झोपलेल्या माणसाच्या शरीरातून एका रात्रीत साधारण पाव लिटर पाणी बाफ होऊन बाहेर पडते, म्हणजे दोघांचे मिळून अर्धा लिटर झाले. आता तंबूतल्या हवेची क्षमता पाहू. चार मीटर व्यासाच्या आणि सव्वादोन मीटर उंचीच्या शंकूत सुमारे 9 घनमीटर हवा मावते, आणि 5 अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त पावणेसात ग्रॅम बाष्प धरू शकते. बाहेरून येणारी हवा आधीच 80 टक्के आर्द्र असेल, तर त्या सगळ्या हवेत जेमतेम बारा-तेरा ग्रॅम बाष्पाची जागा शिल्लक राहते. अर्धा लिटर पाणी बाहेर वाहून न्यायचे असेल, तर रात्रभरात तंबूतली हवा सुमारे चाळीस वेळा, म्हणजे दर तासाला पाच वेळा बदलली पाहिजे. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे, कारण आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार असते, आणि उघड्या मातीतूनही काही बाष्प वर येत असते.

भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले की खालच्या बाजूला जे थेंब दिसतात, तेच पहाटे चारच्या सुमारास या कापडाच्या आतल्या अंगाला दिसतात. निरभ्र रात्री कापड आपली उष्णता प्रारणाने थेट आकाशाकडे फेकत असल्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते त्याच्या, खाली उतरते. उतार तीव्र असेल तर थेंब घरंगळत कडेच्या मातीत जिरतो. उतार मंद असेल तर तो जागीच फुगत जातो आणि वाऱ्याचा झोत आला की झोपलेल्याच्या तोंडावर पडतो. शून्याखाली पारा गेला की त्याचेच पांढरे दहिवर होते, आणि सकाळी खांद्याचा धक्का लागला तरी भुरभुर खाली येते. बूड नसण्याचा मोठा फायदा इथे कळतो, कारण कापडाची कड जमिनीपासून चार बोटे वर ठेवली आणि शेंड्याचा झरोका उघडला, की खालून थंड हवा शिरते आणि वरून दमट हवा निघून जाते. म्हणून खरेदी करताना शेंड्याला झरोका नसलेला तंबू, कितीही हलका असला तरी, बाजूला ठेवावा असे मी सुचवीन. तळ सोडून दिल्यावर झरोक्यात काटकसर करण्याला काही अर्थ नाही.

उघड्या जमिनीमुळे शेगडीही आत ठेवता येते. टायटॅनियमच्या पातळ पत्र्याची शेगडी आणि गुंडाळून ठेवता येणारे धुराडे मिळून किलोभर भरतात; टायटॅनियमची घनता पोलादाच्या सुमारे 57 टक्केच असते. लाकडाचा धूर आणि त्यातले बाष्प धुराड्यातून बाहेर जाते, आतली हवा 5 अंशांवरून 20 अंशांवर गेली की तिची बाष्प धरण्याची क्षमता अडीचपट होते, आणि भिजलेले मोजे तासाभरात वाळू लागतात. मात्र एकेरी कापड उष्णता जवळजवळ धरतच नाही आणि पातळ पत्राही लगेच निवतो, त्यामुळे सरपण संपताच थंडी परत येते. झोपेच्या पिशवीत कसर करून शेगडीवर भिस्त ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. शेगडी पेटती ठेवून झोपू नये ते आणखी एका कारणाने: कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो.

शेगडी न्यायची की नाही, यावर कापडाची निवडही ठरते. सर्वांत हलके कापड अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या तंतूंचे, ज्याची जातकुळी शर्यतीच्या शिडांच्या कापडाची आहे. ते पाणी पीत नाही आणि ताणले जात नाही, पण दीडशे अंशांच्या आतच वितळते आणि किमतीलाही जबर असते. नायलॉन 220 अंशांच्या पुढे टिकते आणि मजबूतही असते, परंतु ते हवेतली ओल शोषून सैलावते. संध्याकाळी ताशासारखा ताणलेला तंबू मध्यरात्री पोट सोडून लोंबू लागतो, आणि मग कोणीतरी पिशवीतून हात काढून मधला खांब दोन बोटे उंच करतो. पॉलिएस्टर नायलॉनच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच ओल घेते, त्यामुळे त्याचा ताण रात्रभर टिकतो. नायलॉनपेक्षा ते थोडे कमी चिवट असले तरी माझा कौल त्यालाच आहे.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समुद्रसपाटीपासून 3000 मीटरवर हवा विरळ असली तरी ताशी 54 किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे दहा किलोंचा रेटा देतो, आणि वेग दुप्पट झाला की तोच रेटा चाळीस किलोंवर जातो. टिपीची पाठ दर्शनी बाजूपेक्षा जास्त उभी ठेवून ती वाऱ्याकडे करण्याची पद्धत होती, ती याच अनुभवातून आली असावी. आजच्या तंबूत हे काम जास्तीचे तणावे आणि लांब मेखा करतात, म्हणून वजन वाचवायला मेखा कमी करणे ही चुकीची काटकसर ठरते.

बूड नसल्याचे तोटेही आहेत. पाणी वाहून येणाऱ्या जागी हा तंबू निरुपयोगी आहे; सह्याद्रीत आषाढात तो लावला, तर ओघळ आणि जळवा दोन्ही आत येतील. अस्वलाची भीती पुष्कळांना वाटते, पण अस्वलाला पातळ कापडाचा तळ काही अडवणार नाही. मला उंदरांची काळजी अधिक रास्त वाटते, कारण 1993 मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्येत जीवघेण्या हंटाव्हायरसचा जो उद्रेक झाला, त्याचा विषाणू तिथल्या हरीण-उंदरांच्या विष्ठामूत्रातून पसरत असल्याचे आढळले. अन्न तंबूपासून दूर ठेवावे, जुन्या पडक्या झोपडीच्या आडोशाला मुक्काम टाळावा आणि अंथरुणाखाली एक पातळ चादर पसरावी, एवढे करणे शक्य आहे.

शेवटी मापाचा प्रश्न राहतो, आणि त्यात शंकूची भूमिती फसवी असते. वर हिशेबाला घेतलेल्या तंबूची जमीन साडेबारा चौरस मीटर आहे, पण बसलेल्या माणसाचे डोके येते त्या एक मीटर उंचीवर ती सुमारे 3.9 चौरस मीटरच उरते. ‘चार माणसांचा’ म्हणून विकला जाणारा तंबू त्यामुळे दोघांसाठीच घ्यावा. तिसऱ्याची जागा शेगडी घेते, आणि चौथ्याची ओले बूट, पाठपिशव्या आणि सकाळसाठी कोरडे ठेवलेले सरपण.