मोफत वकील हवाय? उत्पन्नाचा दाखला काढायला धावण्याआधी हे वाचा

विधी स्वयंसेवक म्हणून बसायचो तेव्हाची गोष्ट. एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडत होत्या. रेशनकार्ड, आधार, तलाठ्याचा अहवाल आणि सगळ्यात वर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी त्यांनी तीन आठवडे हेलपाटे घातले होते. नवऱ्याने लावलेल्या दाव्याची नोटीस मात्र पिशवीच्या तळाशी, चार घड्या घालून ठेवलेली. उलगडून पाहिली तर तिच्यावरची तारीख उलटून चार दिवस झाले होते. आणि तो दाखला त्यांना लागणारच नव्हता.

मोफत वकील म्हणजे गरिबांसाठीची योजना, हा समज इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही आधी दाखल्याच्या रांगेत उभी राहतात. प्रत्यक्षात हा कायद्याने दिलेला हक्क आहे. राज्यघटनेत 1976 साली मोफत विधी सहाय्याचं 39-अ हे कलम आलं, त्यावर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 झाला आणि तो 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. कोण पात्र, ते त्याच्या कलम 12 मध्ये आहे.

उत्पन्न कितीही असलं तरी पात्र ठरणारे असे: कोणतीही स्त्री, अठरा वर्षांखालील मूल, अनुसूचित जाती किंवा जमातीची व्यक्ती, दिव्यांग, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती, औद्योगिक कामगार, पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार यांसारख्या आपत्तीत सापडलेले लोक आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेला कोणीही. स्त्रीच्या बाबतीत तर नवऱ्याचा पगार किती, माहेरची शेती किती, हे प्रश्नच येत नाहीत. कोणी विचारलेच तर शांतपणे कलम 12 कडे बोट दाखवा.

या यादीत न बसणाऱ्यांनाच उत्पन्नाची अट आहे. महाराष्ट्रात जिल्हा आणि उच्च न्यायालयातल्या कामासाठी वार्षिक 3 लाख रुपये, सर्वोच्च न्यायालयासाठी 5 लाख. तिथेही दाखल्यावाचून अडत नाही. कलम 13 नुसार उत्पन्नाबद्दलचं तुमचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, त्यावर अविश्वास ठेवण्यासारखं कारण नसेल तर. दाखला हाताशी असेल तर जोडा, पण त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

अर्ज कुठे द्यायचा? तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. प्राधिकरणाचा सचिव हा न्यायाधीशच असतो, त्यामुळे ‘साहेब कोर्टात आहेत, थांबा’ असं ऐकावं लागेल, थांबा. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतंत्र समित्या आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज भरता येतो, आणि 15100 हा टोल फ्री क्रमांक आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. सचिव किंवा स्वयंसेवक ते उतरवून घेतात, खाली अंगठा घेतात आणि तोच अर्ज धरला जातो. भाषा मराठी चालते. अर्जाला फी नाही.

सोबत ओळखीचा पुरावा, लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला आणि प्रकरणाचे कागद द्या. लोक पहिल्या दोन गोष्टी नीट लॅमिनेट करून आणतात आणि तिसरी घरी विसरतात. खरं महत्त्व तिसरीला. नोटीस, समन्स, एफआयआरची प्रत, आधीच्या हुकमाची नक्कल, जे असेल ते सगळं आणा. नोटिशीच्या पाकिटाचीही फेकाफेक करू नका, ती कधी हाती पडली हे त्यावरून कळतं. दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. न्यायालय कारणं पाहून 90 दिवसांपर्यंत वाढवू शकतं. म्हणून अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात पुढची तारीख ठळक लिहा, आणि ती दोन-चार दिवसांवर असेल तर कागद टेबलावर ठेवून निघून येऊ नका, सचिवांना तोंडी सांगा. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक शिक्का घ्यायला विसरू नका.

अर्जावर लवकरात लवकर, फार तर सात दिवसांत निर्णय व्हायला हवा, असं राष्ट्रीय प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांत आहे. पात्रतेबरोबर एकच गोष्ट पाहतात: दावा लढवण्याजोगं किंवा बचाव करण्याजोगं काही प्रथमदर्शनी आहे का. अर्ज फेटाळला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. जिल्ह्यात अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश.

मंजूर झाल्यावर पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला वकील नेमला जातो. पॅनेलवर साधारणपणे किमान तीन वर्षं वकिली केलेल्यांनाच घेतात. त्या यादीतला एखादा विशिष्ट वकील हवा असेल तर तसं अर्जात लिहा, विचार होऊ शकतो. मदत फक्त वकिलापुरती नसते: कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, नकला, कागदपत्रांचं भाषांतर, अपिलाची तयारी हेही त्यात येतं. ‘टायपिंगचे तेवढे द्या’ ही मागणी नियमात बसत नाही. नेमलेल्या वकिलाला पक्षकाराकडून रोख, वस्तू, काहीच घेता येत नाही. तसं झालं किंवा वकील तारखांना गैरहजर राहू लागला तर लेखी तक्रार द्या, वकील बदलून मागा. प्रकरणांवर लक्ष ठेवायला प्रत्येक प्राधिकरणात संनियंत्रण समिती असते. माझं मत विचाराल तर पॅनेलची खरी दुखणी इथेच आहेत. मानधन तुटपुंजं, त्यामुळे चांगल्या वकिलांचा ओढा कमी, आणि तक्रार केली तर आपलंच काम बिघडेल या धास्तीने पक्षकार गप्प. फौजदारी खटल्यांसाठी 2022 च्या योजनेतून आलेली लोक अभिरक्षक कार्यालयं हा त्यावरचा एक उतारा आहे. तिथले वकील पूर्णवेळ आरोपींच्या बचावाचंच काम करतात, खाजगी वकिली करत नाहीत.

मात्र तुमच्याकडूनही काही गोष्टी हव्यात. खोटी माहिती दिली, वकिलाला सहकार्य केलं नाही किंवा परस्पर दुसरा वकील लावला तर मदत काढून घेतली जाते.

घरचं माणूस तुरुंगात असेल तर तुरुंगातूनही अर्ज जातो. तिथे विधी सहाय्य केंद्र असतं, शिवाय अधीक्षकांमार्फत अर्ज पुढे पाठवता येतो. वकील नसलेल्या आरोपीला मोफत वकिलाचा हक्क आहे, हे सांगणं दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्येच ठरवून दिलं आहे. पहिल्यांदा हजर करतात त्या दिवशी आरोपीने एवढंच म्हणायचं: ‘मला वकील नाही, सरकारतर्फे द्या.’