ग्रामातिकुस म्हणजे पंतोजी नव्हे

आंजेलो पोलित्सियानो या इटालियन कवी-पंडिताचं (१४५४–१४९४) नाव निघालं की फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याचा दरबार आणि ‘स्तान्झे’ हे इटालियन काव्य, एवढ्यावरच बोलणं थांबतं. त्या काव्याचा नायक, मेदिची घराण्यातला ज्युलियानो, १४७८मध्ये त्या घराण्याविरुद्धच्या कटात मारला गेला आणि काव्य अर्धवट राहिलं. तो उत्तम कवी होताच. पण मला त्याचं खरं मोठेपण १४८०नंतर, फ्लॉरेन्सच्या विद्यापीठात शिकवताना त्यानं केलेल्या कामात दिसतं.

१४९२मध्ये त्यानं ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र शिकवायला घेतलं आणि टीका झाली: हा तत्त्वज्ञ कधीपासून झाला? ‘लामिया’ या व्याख्यानात त्यानं उत्तर दिलं. लामिया ही डोळे काढून डबीत ठेवणारी हडळ. ती बाहेर जाताना डोळे लावते, घरी आंधळीच असते. टीकाकारांचंही तसंच: दुसऱ्यांकडे पाहताना डोळस, स्वतःकडे पाहताना आंधळे. आपण तत्त्वज्ञ असल्याचा दावा त्यानं केलाच नाही. आपण ‘ग्रामातिकुस’ आहोत, असं तो म्हणाला. या शब्दाचं भाषांतर ‘वैयाकरण’ केलं की घोटाळा होतो. प्राचीन काळी ग्रामातिकुस काव्य, इतिहास, वैद्यक, कायदा अशा सगळ्या लेखनाचा अर्थ लावी आणि पारख करी. मुलांना अक्षरं गिरवायला लावणारा पंतोजी वेगळा, त्याला ‘ग्रामातिस्ता’ म्हणत. पुढे पहिल्याचा मान गेला आणि दोघे एकाच नावाखाली आले. अशा विद्वानांना इंग्रजीत ‘ह्युमॅनिस्ट’ म्हणतात, त्यासाठीचा आपल्याकडचा ‘मानवतावादी’ हा शब्दही त्याला नीट बसत नाही, कारण त्यातून माणुसकीची शिकवण ऐकू येते, पोथ्यांवरची मेहनत नाही.

ती मेहनत ‘मिसेलेनिया’ या जुन्या ग्रंथांवरच्या त्याच्या १४८९च्या टिपणसंग्रहात दिसते. प्राचीन रोमन वक्ता सिसेरो याच्या पत्रांच्या एका हस्तलिखितात बांधणी करताना पानांचा एक जुडगा चुकीच्या जागी शिवला गेला होता. इतर प्रतींत मजकुराची तीच उलटापालट होती, पण तिथे पानं हललेली नव्हती. म्हणजे त्या सगळ्या याच प्रतीवरून उतरलेल्या. मग त्यांची साक्ष वेगळी कशाला मोजायची?

एकोणिसाव्या शतकात जर्मन पंडितांनी प्रतींची वंशावळ मांडण्याचं रीतसर शास्त्र केलं. पुण्यात १९६६मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक (अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीमागे तीच परंपरा आहे. एका पोथीतला मजकूर दुसरीत मिसळलेला असल्यानं तिथे सरळ वंशावळ न लावता पोथ्यांचे लिपीनुसार गट पाडावे लागले, इतकंच. कोणता शब्द कोणत्या पोथीत आहे, हे तिथे प्रत्येक पानाच्या तळाशी नोंदलं आहे. पोलित्सियानो छापील पुस्तकं हस्तलिखितांशी ताडून त्यांच्या समासात हेच करी. ताडून झालं की कोणती प्रत वापरली, सोबत कोण होतं आणि तारीख काय, तेही लिहून ठेवी.