कॅसेट आहे, कॅमेरा कुठाय? घरगुती चित्रीकरणाची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत लग्नाची, बारशाची, जोतिबाच्या चैत्र यात्रेची किंवा पंचगंगा घाटावरच्या विसर्जनाची कॅसेट अजून जपून ठेवलेली आहे. ती चालवणारं यंत्र मात्र केव्हाच मोडीत गेलं. चित्र संगणकावर उतरवायचं तर आधी कॅसेटची जात ओळखावी लागते, कारण कॅमकॉर्डरनं, म्हणजे कॅमेरा आणि रेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रानं, टेप पुन्हा पुन्हा बदलली आणि बहुतेक वेळा जुनी कॅसेट नव्या कॅमेऱ्यात बसली नाही.

बाबूराव पेंटरांनी १९१८ साली देशी कॅमेरा घडवला तो याच गावात. तरी सर्वसामान्यांच्या घरात चलचित्र यायला फार काळ लागला. कोडॅकची सुपर ८ फिल्म १९६५ साली आली, पण ५० फुटी फिल्मवर सेकंदाला १८ चौकटींच्या वेगानं जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद मावत, आणि धुऊन येईपर्यंत काय टिपलं गेलं ते कळत नसे. ही अडचण चुंबकीय टेपनं सोडवली.

जपानच्या जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस ही व्हिडिओ कॅसेट १९७६ ची. सुरुवातीला कॅमेरा हातात आणि रेकॉर्डर खांद्याला अडकवलेला, मध्ये केबल. दोन्ही एकाच खोक्यात आणणारा घरगुती कॅमेरा सोनीनं १९८३ साली विकायला काढला, तो बीटामूव्ही. त्यावर फक्त चित्रण होई, पाहायला वेगळा व्हीसीआर लागे. आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी खांद्यावरचा पूर्ण आकाराचा व्हीएचएस उचलला, कारण तीन तासांची ई-१८० कॅसेट तशीच्या तशी व्हीसीआरमध्ये जायची. घरात असते ती बहुधा मिक्सिंगनंतरची प्रत, म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचं चित्र. रंग पसरलेले आणि कडा पुसट दिसतात ते त्यामुळं. शूटिंगवाल्याकडे मूळ कॅसेट शिल्लक असेल तर तीच मागावी. छोटी व्हीएचएस-सी (१९८२) अ‍ॅडॅप्टरमध्ये घालून साध्या व्हीसीआरवर चालते. अ‍ॅडॅप्टरमध्ये सेल राहून गळला असेल तर संपर्कपट्ट्या आधी साफ कराव्यात.

१९८५ पासून सोनीच्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यांनी आकार तळहाताएवढा केला. आखातातून, अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांनी आणलेले कॅमेरे बरेचदा हेच. इथं दोन गोष्टी अडतात. ८ मिलिमीटरची मूळ व्हिडिओ८ आणि तिची सुधारित आवृत्ती हाय८ (१९८९) यांच्या कॅसेट दिसायला सारख्या. हाय८ चा कॅमेरा दोन्ही वाचतो, व्हिडिओ८ चा कॅमेरा हाय८ वाचत नाही. दुसरी अडचण टीव्ही-चित्राच्या पद्धतीची. भारतात पाल, म्हणजे सेकंदाला २५ चौकटी. अमेरिकेत एनटीएससी, जवळपास ३०. अमेरिकेतल्या कॅमेऱ्यावरची कॅसेट पालच्या कॅमेऱ्यात घातली की चित्र घसरतं किंवा रंग उडतात. टेप शाबूत असते, कॅमेरा चुकीचा असतो. कॅसेटचं चित्र संगणकात घेणाऱ्या यूएसबी कॅप्चर यंत्राच्या सेटिंगमध्येही तीच पद्धत निवडावी लागते, आणि सोय असेल तर पिवळ्या वायरीऐवजी एस-व्हिडिओची वायर लावावी.

जुना कॅमेरा विकत घ्यायचाच असेल तर आमचं मत त्याच आकाराच्या कॅसेटवर डिजिटल चित्रण करणाऱ्या डिजिटल८ (१९९९) च्या बाजूनं पडेल. यातली काही मॉडेल्स जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेट वाचून फायरवायरमधून (कॅमेरा संगणकाला जोडणारी वायर) थेट डिजिटल चित्र देतात. सगळी देत नाहीत, म्हणून पैसे देण्याआधी जुनी कॅसेट घालून पाहावी.

मिनीडीव्ही ही छोटी डिजिटल कॅसेट १९९५ ची. तिच्यावर चित्र आकड्यांतच असतं. फायरवायरनं घेतलं तर गुणवत्तेत काहीही घट होत नाही, तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. अनेक कॅमेऱ्यांचं यूएसबी मात्र फोटोंपुरतं किंवा हलक्या प्रतीच्या चित्रापुरतं असे. तिकडून उतरवून मूळ कॅसेट टाकून दिली तर नुकसान कायमचं. शूटिंगच्या मध्ये टेप कोरी सुटली असेल तर टाइमकोड, म्हणजे टेपवरची वेळेची नोंद, पुन्हा शून्यावरून सुरू होतो आणि कॅप्चर तिथंच थांबतं. पुढचा भाग वेगळा उतरवावा. एलपी, म्हणजे टेप हळू फिरवण्याच्या, वेगात ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं बसत, पण ती दुसऱ्या कॅमेऱ्यावर नीट चालेलच असं नाही. चित्रात चौकोनी ठोकळे दिसू लागले की हेड (टेप वाचणारा भाग) मळलंय असं आधी समजावं. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंदच चालवावी. ती घासूनच साफ करते, जास्त चालवली तर हेड झिजतं.

इथला पावसाळा टेपचा शत्रूच. दमट कपाटात रिळावर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून ती दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये, कारण बुरशी हेडला आणि तिथून पुढच्या कॅसेटला लागते. चांगल्या कॅसेट एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या घरांत पाणी शिरलं. असं गाळाचं पाणी लागलेली कॅसेट उन्हात किंवा हेअर ड्रायरनं वाळवू नये. गाळ वाळून चिकटण्याआधीच स्क्रू काढून रीळ गार डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो त्या पाण्यात, हलवून धुवावं आणि पंख्याच्या हलक्या वाऱ्यात दोन-तीन दिवस सुकू द्यावं. मग दुसऱ्या कोरड्या कवचात बसवून एकदाच चालवावं आणि त्याच वेळी उतरवून घ्यावं. जोतिबावर गुलाल उधळत असताना कॅसेट बदलणंही तितकंच घातक, कारण ती बारीक पूड उघड्या दारातून थेट हेडवर जाते.

८ सेंटिमीटर डीव्हीडीचे कॅमेरे फार टिकले नाहीत. त्या डिस्क कॅमेऱ्यातच ‘फायनलाइज’ केलेल्या, म्हणजे चित्रण संपवून बंद केलेल्या, नसतील तर दुसऱ्या प्लेअरला कोऱ्या दिसतात. त्यासाठी मूळ कॅमेरा शोधावा.

सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये एव्हीसीएचडी ही एचडी चित्रणाची पद्धत आणली. त्यात कार्डावरचा लांबलचक प्रसंग आपोआप अनेक फायलींत तुटतो, आणि सलग कसा जोडायचा याची नोंद वेगळ्या फायलींत असते. म्हणून फक्त चित्राच्या फायली न उचलता कार्डावरचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा दोन ठिकाणी कॉपी करावा आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावरच कार्ड पुसावं.